लाकडाच्या वाशांवर प्लॅस्टिकची कौलं: प्रतिकृतीसाठी चिकटवायचं काय?

मीटरगेज (खानापूर)

नमस्कार मंडळी. आपल्याकडची लाईन मीटरगेज होती त्या काळातलं एक लहान कौलारू स्टेशन मी १:८७ प्रमाणात करतोय. या मापाला मीटरगेजच्या रुळांमधलं एक मीटरचं अंतर साडेअकरा मिमीच्या आसपास येतं, म्हणून १२ मिमीचे तयार रूळ चालून जातात. रुळांचा प्रश्न सुटलाय. अडलंय ते इमारतीच्या सांध्यांवर.

तळाला १२ मिमीचा प्लाय. वासे, रिपा, खांब सगळं सागवानाच्या बारीक पट्ट्यांचं. ओळखीच्या सुतारानं उरलेल्या तुकड्यांतून २ मिमीच्या पट्ट्या काढून दिल्यात. कौलं मात्र एवढ्या लहान मापात लाकडाची होत नाहीत. ती नक्षी उठवलेल्या पॉलिस्टायरीनच्या अर्धा मिमी जाडीच्या पत्र्याची घेतलीत. एका पाख्याची, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूची, लांबी ३० सेंमी. खिडक्यांना पारदर्शक ऍक्रिलिक, सिग्नलचा खांब आणि पावसाचे नळ प्लॅस्टिकच्या नळ्यांचे. म्हणजे जिथं बघावं तिथं लाकडाला प्लॅस्टिक भेटतंय.

मूळ कामाला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यांवर सांधे करून बघितले. फेविकॉलचा सांधा दुसऱ्या दिवशी नखानं सुटला. गंमत म्हणजे लाकडाच्या बाजूला तो पक्का होता. प्लॅस्टिकच्या बाजूनं कातडीसारखा पापुद्रा निघाला आणि त्या पापुद्र्यावर कौलांची नक्षी जशीच्या तशी उमटलेली होती. प्लॅस्टिक किटसाठी मिळतं ते पाण्यासारखं पातळ सिमेंट लावलं, तर ते लाकडानं पिऊन टाकलं आणि सांधा धरलाच नाही. फेविक्विकनं लगेच धरलं, पण तुकडा टेबलावरून फरशीवर पडला आणि टक्कन दोन भाग.

प्रतिकृती गावच्या वाचनालयात काचेच्या पेटीत कायमची ठेवायची आहे. चार दिवसांची सजावट नाही. खानापूरचे पावसाळे तिला काढायचे आहेत. पेटीवर खिडकीतून दुपारचं ऊनही येतं. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

गल्लीतला_किल्ला (शहापूर)

दादा, विषय एक नंबर! आम्ही गल्लीत दिवाळीला किल्ला करतो आणि गणपतीला देखावा. दोन्हीकडं ग्लू गन चालते. लाकूड, सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड), प्लॅस्टिकच्या बाटल्या, सगळं मिनिटात चिकटतं. थर्माकोलला मात्र कमी तापमानाची गन घ्या आणि फेविबाँडसारखं काही लावू नका, त्यातल्या द्रावकानं थर्माकोल खड्डा पडून विरघळतो. तुमच्या कौलांना गन चालेल का, ते इथले मोठे लोक सांगतील. मलाही ऐकायचंय, कारण यंदा आम्हाला राजहंसगडाची पक्की प्रतिकृती करायची आहे, मातीची नाही.

रसायनवाली (निपाणी)

मीटरगेज, तुम्ही केलेल्या तिन्ही चाचण्यांची उत्तरं त्यांच्यातच आहेत. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडं मुळापासून लिहिते.

फेविकॉल हा पाण्यात मिसळलेला पॉलिव्हिनाइल ऍसिटेट. त्यातलं पाणी निघून गेलं की तो घट्ट होतो. लाकूड ते पाणी ओढून घेतं, सोबत डिंकही छिद्रांत शिरतो आणि तिथं अडकून बसतो. पॉलिस्टायरीनला छिद्रं नाहीत आणि पाण्याशी त्याचं सख्यही नाही. म्हणून डिंक त्यावर नुसता पसरतो आणि वाळून पापुद्रा होतो. तुम्ही पाहिलीत ती उमटलेली नक्षी हाच त्याचा पुरावा. डिंक प्लॅस्टिकला टेकला होता, धरून नव्हता.

किटचं पातळ सिमेंट हा खरं तर डिंकच नाही. ते द्रावक असतं, बहुतेक वेळा ऍसिटोन, ब्युटाइल ऍसिटेट अशांचं मिश्रण. ते प्लॅस्टिकचे दोन्ही काठ विरघळवतं, दोन्हींचे रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेलं की दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला याच्यासारखं दुसरं काही नाही. लाकूड त्यात विरघळत नाही, त्यामुळे मिसळायला समोर कोणी नसतं.

फेविक्विक म्हणजे सायनोऍक्रिलेट. हॅरी कूवर या अमेरिकन रसायनतज्ज्ञांच्या गटाला हा पदार्थ १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमबाजीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हाती लागला. तेव्हा तो दिसेल त्याला चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला, आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आला. पृष्ठभागावरच्या ओलाव्याच्या अंशानं तो घट्ट होतो. ताणाला तो चांगला, पण कडक आणि ठिसूळ. धक्का बसला की किंवा सोलल्यासारखा जोर आला की तडकतो. तुमचा तुकडा फरशीवर पडून सुटला तो याचमुळे.

आता सगळ्यात आधी करायचं काम: आपलं प्लॅस्टिक कुठलं आहे हे नक्की करा. प्लॅस्टिक हा एक पदार्थ नाही, ते एक मोठं घराणं आहे. तुकड्यावर त्रिकोणात आकडा असेल तर ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिलीनचे दोन प्रकार, ३ म्हणजे पीव्हीसी. आकडा नसेल तर वाटीभर पाण्यात कात्रण टाका आणि बोटानं बुडवून त्यावरचे हवेचे बुडबुडे काढा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतात, पॉलिस्टायरीन, ऍक्रिलिक आणि पीव्हीसी बुडतात. फुगवलेला सनबोर्ड किंवा थर्माकोल या परीक्षेला बसवू नका, त्यात हवा भरलेली असते. तरंगणाऱ्या तुकड्याला घरगुती डिंकांपैकी कुठलाच भरवशानं धरत नाही. तुमच्या नळ्या शीतपेयाच्या स्ट्रॉच्या असतील तर त्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या निघतील. तिथं डिंक शोधत बसण्यापेक्षा स्टायरीनची नळी आणा.

जाळून ओळखण्याची पद्धत सांगणारे भेटतील. घरात ते करू नका. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो.

गल्लीतला_किल्ला, गनमधली कांडी गरम झाली की मऊ होते, हाच तिचा गुण आणि हाच दोष. काचेच्या पेटीत उन्हानं तापलेल्या छपराला ती नको. देखाव्यासाठी खुशाल वापरा.

उद्यमबाग_पॅटर्न (बेळगाव)

मीटरगेज भाऊ, मॅडमनी शास्त्र सांगितल्या, मी हातचं काम सांगतो. आमचा धंदा फौंड्रीच्या लाकडी पॅटर्नचा, म्हणजे ज्याच्याभोवती वाळूचा साचा करून धातू ओततात त्या नमुन्याचा. तुम्हाला वाटेल पॅटर्नचा आणि रेल्वे स्टेशनचा काय संबंध. तर कास्टिंगवर पार्ट नंबर उठून यायला आम्ही सागवानाच्या, पाईनच्या पॅटर्नवर तयार अक्षरं चिकटवतो. काही धातूची, काही प्लॅस्टिकची. त्यावर ओली वाळू ठोकून ठोकून भरतात, परत पॅटर्न हलवून बाहेर काढतात. दिवसातनं कितीतरी वेळा. अक्षर एक जरी सुटलं तरी कास्टिंग वाया. म्हणून लाकडाला प्लॅस्टिक कसं धरवायचं हे आम्हाला पोटासाठी शिकायला लागलंय.

आमचं उत्तर एकच: अरल्डाइट, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून लावायचा इपॉक्सी डिंक, हळू वाळणारं. पाच मिनिटांत धरणारं पण मिळतंय, खरं ते ओलाव्याला कच्चं पडतंय आणि मिसळून लावेपर्यंतच घट्ट व्हायला लागतंय. तुम्हाला कायमचं ठेवायचंय, मग चोवीस तास थांबायला काय हरकत.

खरं नुसतं अरल्डाइट लावून भागत नाही बघा. तुमचं लाकूड सागवान. सागवानात नैसर्गिक तेल असतंय, म्हणून तर त्याला वाळवी लवकर लागत नाही. तेच तेल डिंकाला आडवं येतंय. महिनाभर आधी रंधा मारून ठेवलेली पट्टी घेऊ नका. चिकटवायच्या दिवशीच पॉलिश पेपर मारा, भुसा झाडा, ऍसिटोननं भिजवलेल्या फडक्यानं पुसा, सुकू द्या आणि लगेच डिंक लावा. ऍसिटोन फक्त लाकडाला हां. तुमच्या कौलाच्या पत्र्याला लागलं तर नक्षी जाईल.

प्लॅस्टिकला आधी साबणाच्या पाण्यानं धुवा. साच्यातनं सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा त्यावर राहिलेला असतो. मग २२० ते ३२० नंबरच्या पेपरनं चिकटणारी बाजू खरवडा. चकाकी गेली पाहिजे. चकाकी राहिली तिथं सांधा नाही, असं समजायचं. रंग आधी मारला असेल तर सांध्याच्या जागी तोही खरवडून काढा, नाहीतर डिंक रंगाला धरेल आणि रंगच प्लॅस्टिकवरनं निघून येईल.

मिसळताना रेझिन आणि हार्डनर सारखं घ्या. नजरेनं सारखं नको, दोन्हींच्या समान लांबीच्या रेघा काचेवर पाडा आणि मग कालवा. दोन-तीन मिनिटं कालवायचं, कडेचं खरवडून मधे घेत. हार्डनर जास्त घातला की लवकर घट्ट होतंय असं आमच्यातले पण काही लोक म्हणतात. तसं नाही. जास्तीचा हार्डनर तसाच मधे राहतो आणि सांधा चिकट, मऊ राहतो.

आधी लाकडाला पातळ थर घासून द्या. लाकूड तेवढं पिऊन घेईल. थोड्या वेळानं दुसरा थर देऊन मग प्लॅस्टिक बसवा. आणि चिमटा फार आवळू नका. फेविकॉलला दाब लागतो, अरल्डाइटला सांध्यात थोडा थर राहावा लागतो. सगळं पिळून बाहेर काढलं तर आत उरणार काय? कपड्यांचा चिमटा पुरे.

शेवटचं. जिथं जोर येणार तिथं डिंकावर विसंबू नका. सिग्नलचा खांब प्लायवर उभा करताना नळीत पितळी तार घाला, प्लायला अर्धा इंच भोक पाडा, भोकात अरल्डाइट भरा आणि तार आत उतरवा. डिंक सुटला तरी खांब पडणार नाही.

मीटरगेज (खानापूर)

उद्यमबाग काका, मॅडम, मनापासून आभार. पाण्याची परीक्षा लगेच केली. कौलं बुडाली, सिग्नलची नळी तरंगली! मॅडमचा अंदाज बरोबर निघाला. ती बदलतो.

आता एकच शंका. ३० सेंमीचं पाखं सगळ्या वाशांवर अरल्डाइटनं पक्कं बसवलं, तर उन्हापावसात काही होईल का?

रसायनवाली (निपाणी)

होईल. आणि या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो. कुठला डिंक, याच्याइतकंच कुठं चिकटवायचं नाही, हे ठरवावं लागतं.

लाकूड ओलाव्यानं हलतं, प्लॅस्टिक उष्णतेनं. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळपास हलतच नाही, आडवं हलतं. सागवान यात चांगलं मानलं जातं, तरी १० सेंमी रुंदीची फळी, तिचा ओलावा पावसाळा ते उन्हाळा सहा टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत एखादा मिमी सहज कमी-जास्त होते. तुमचे वासे २ मिमीचे, त्यामुळे त्यांच्याकडून धोका नाही. प्लायमध्ये थर एकाआड एक आडवे-उभे असतात, तोही शांत राहतो. मात्र प्लॅटफॉर्म एका अखंड सागवानी फळीचा करून त्यावर प्लॅस्टिकच्या फरशीचा पत्रा सगळीकडून घट्ट चिकटवणार असाल, तर करू नका.

छपराचं उलटं आहे. तिथं लाकूड स्थिर आणि प्लॅस्टिक हलतं. पॉलिस्टायरीन दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखात सात भाग इतकं वाढतं. ३० सेंमीचा पत्रा पावसाळी रात्री २० अंशांवर आणि काचेच्या पेटीत दुपारी ४० अंशांवर गेला, तर ०.४ मिमी लांब होतो. ऐकायला थोडं आहे. पण पत्राच अर्धा मिमीचा. प्रत्येक वाशाला पक्का बांधलेला असेल तर त्याला लांबायला जागा नसते. मग तो दोन वाशांच्या मधे फुगतो नाहीतर कडेचे सांधे एकेक करून सोडतो. अरल्डाइट कितीही पक्का असला तरी रोज हे होणार.

फेविकॉल एसआरसारखा रबरी डिंक लवचीक असतो, सनमायकाला सुतार तोही लावतात. दोन्ही बाजूंना लावून, हाताला न चिकटेपर्यंत वाळवून मग दाबायचा. तो हे हलणं सोसतो. पण त्यातलं द्रावक अर्ध्या मिमीच्या स्टायरीनला चावतं, पत्रा वाकडा होतो. जाड ऍक्रिलिकच्या मागं लाकूड असेल तर तो चालेल, तोही आधी तुकड्यावर पाहून.

चिकोडीकर

मॅडमच्या मुद्द्याला खऱ्या छपराचा आधार देतो. आमचं जुनं घर कौलारू आहे, छप्पर शाकारताना लहानपणापासून बघतोय. मंगळुरी कौलाला कोणी खिळा मारत नाही. कौलाच्या खालच्या बाजूला उंचवटा असतो, तो रिपेला अडकतो. वरच्या ओळीचं कौल खालच्या ओळीवर चढतं आणि वजनानं बसतं. आढ्यावर तेवढे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्के करतात. वासे पावसाळ्यात फुगले, उन्हात आकसले तरी कौलं आपली जागा सरकून सांभाळतात. म्हणूनच ती फुटत नाहीत.

प्रतिकृतीतही तेच करा की. प्रत्येक पाखं १० सेंमीच्या तीन तुकड्यांत कापा. कापताना कौलाच्या उभ्या ओळीवर सुरी चालवा, म्हणजे सांधा दिसणार नाही. प्रत्येक तुकडा फक्त वरच्या अंगाला, आढ्याशी, मधोमध अरल्डाइटच्या एका-दोन ठिपक्यांनी धरा. त्यावरून कोन्यांची पट्टी येईल, ती ठिपके झाकेल. खाली वळचणीला सागवानाची बारीक पट्टी अशी लावा, की पत्रा तिच्या खाचेत नुसता बसेल, चिकटणार नाही. वर पक्कं, खाली मोकळं. मॅडमच्या हिशेबानं तीन तुकडे केले की प्रत्येकाचं हलणं ०.१४ मिमीवर येतं. तेवढं सांध्याच्या फटीत जिरेल.

मीटरगेज (खानापूर)

चिकोडीकर, हे वाचून लगेच वाशांवर पत्रा नुसता ठेवून बघितला. वळचणीच्या पट्टीला कानशीनं खाच पाडली, पत्र्याची कड त्यात अलगद बसते आणि बोटानं सरकवली की सरकते. असंच करतो. खऱ्या छपरासारखं छप्पर होतंय याचा आनंद वेगळाच आहे.

सांबरा_निवृत्त

मुलांनो, सांध्यांवर चर्चा चाललीय म्हणून लिहितो. सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलच्या पट्ट्यात राहतो, विमानांच्या प्रतिकृती करणं हा निवृत्तीनंतरचा उद्योग. दुसऱ्या महायुद्धातलं ‘मॉस्किटो’ विमान लाकडाचं होतं हे पुष्कळांना माहीत नसतं. २५ नोव्हेंबर १९४० ला पहिल्यांदा उडालं. बाहेर-आत बर्चचा प्लाय, मधे बाल्सा आणि सगळं डिंकानं जोडलेलं. सुरुवातीला केसीनचा डिंक वापरत, तो दुधातल्या प्रथिनाचा. दमट हवेत केसीन ओलावा धरतं आणि त्याला बुरशीही लागते, म्हणून पुढं युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक आला. लढाऊ विमानाला जो नियम तोच तुमच्या स्टेशनला: सांधा कोरड्या खोलीत किती धरतो ते बघून भागत नाही, दमट हवेत तपासा.

तपासायची सोपी रीत सांगतो. चाचणीचा तुकडा झाकणाच्या डब्यात ठेवा, तळाला पाण्याची वाटी. आठवडाभर राहू द्या. मग बाहेर काढून उन्हात तापवा. पुन्हा डब्यात. असं आलटून पालटून केल्यावर हातानं मोडून बघा. लाकडाचे तंतू प्लॅस्टिकला चिकटून फाटले तर सांधा उत्तम. प्लॅस्टिक स्वच्छ निघालं तर पृष्ठभागाची तयारी कमी पडली.

अनगोळ_थ्रीडी

थोडं विषयाला धरून विचारतो. माझ्याकडं थ्रीडी प्रिंटरवर काढलेले पीएलए प्लॅस्टिकचे दरवाजे आहेत आणि भिंती एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या बोर्डाच्या. किटचं सिमेंट चालेल?

रसायनवाली (निपाणी)

नाही. स्टायरीनचं सिमेंट पीएलएला नीट विरघळवत नाही. थरांच्या रेघा पेपरनं घासून घ्या आणि इपॉक्सी किंवा फेविक्विक लावा. एमडीएफची कापलेली कड स्पंजासारखी डिंक पिते, म्हणून तिला आधी पाणी मिसळलेल्या फेविकॉलचा हात देऊन वाळवा, घासा आणि मग चिकटवा. द्रवरूप रेझिनच्या प्रिंटरचे भाग असतील तर ते नीट धुऊन पूर्ण कडक झालेले हवेत, ओशट राहिले तर काहीच धरणार नाही.

उद्यमबाग_पॅटर्न (बेळगाव)

फेविक्विकवरनं मॅडमशी माझं थोडं वेगळं मत आहे. आमच्याकडं ते फक्त टाका घालायला. म्हणजे अरल्डाइट वाळेपर्यंत अक्षर सरकू नये म्हणून कडेला एक थेंब. कायमच्या कामाला मी ते धरत नाही.

रसायनवाली (निपाणी)

काका, जोर येणाऱ्या सांध्यांपुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण स्टेशनचा कंदील, दाराची कडी, पाटीचे कोपरे अशा दाण्याएवढ्या भागांना अरल्डाइटचा ठिपकाच भागापेक्षा मोठा होतो. तिथं जाडसर फेविक्विक, टाचणीच्या टोकावर घेऊन. पातळ प्रकार लाकूड ओढून घेतं आणि सांधा उपाशी राहतो. ते सोडलं तर अशा ठिकाणी मी तेच वापरीन.

खिडक्यांना मात्र तुम्ही दोघांनीही ते लावू देऊ नका. त्याची वाफ जवळच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरट पुटासारखी बसते. खिडकीला साधा फेविकॉल उत्तम. वाळल्यावर पारदर्शक होतो. ऍक्रिलिकला तो घट्ट धरणार नाही, पण खिडकीला धरायला चौकट आहेच. चौकटीत खाच पाडून काच त्यात केसभर मोकळी बसवली, तर डिंक नावापुरता लागेल.

आणि कळकळीनं सांगते, ऍक्रिलिकची कामं करणारे लोक ते जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात. काम चोख होतं. पण तुम्हाला ऍक्रिलिक लाकडात बसवायचं आहे, तिथं त्याचा उपयोग नाही आणि बंद खोलीत तो यकृताला अपायकारक आहे. घरात मुलं आहेत, आणू नका. फेविक्विक सुती कापडावर किंवा कापसावर सांडू देऊ नका. तिथं ते एकदम घट्ट होताना इतकं तापतं, की बोट भाजतं. गल्लीत मुलं एकत्र काम करतात तेव्हा हे त्यांना आधी सांगा.

गल्लीतला_किल्ला (शहापूर)

सांगतो मॅडम. आमच्यात लहान पोरंच जास्त असतात. राजहंसगडाच्या तटबंदीला पीव्हीसीचा सनबोर्ड घेतोय, आतून लाकडी चौकट. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरून चौकटीला अरल्डाइट, आणि बुरुजांमधे फट ठेवून तुकडे वेगवेगळे. बरोबर ना?

उद्यमबाग_पॅटर्न (बेळगाव)

एकदम बरोबर. सनबोर्डाची गुळगुळीत बाजू घासायला विसरू नको. आणि बोर्डाला आतनं भोकं पाड बारीक, जागोजागी. डिंक भोकात शिरतो आणि खिळ्यासारखा धरतो. गडाला दरवर्षी बाहेर काढायचं असेल तर चौकटीला खालनं स्क्रू, म्हणजे उचलताना जोर सांध्यावर येणार नाही. कुठं अडलं तर उद्यमबागेत ये, दाखवतो हातानं.

मीटरगेज (खानापूर)

चाचणीचे तुकडे सांबरा काकांनी सांगितलेल्या डब्यातून आणि उन्हातून काढले. घासून, पुसून, अरल्डाइट लावलेला तुकडा मोडला तेव्हा स्टायरीनच्या पाठीवर सागवानाचे तपकिरी तंतू चिकटून आले. न घासता लावलेला तुकडा त्याच डब्यात, त्याच डिंकानं, आणि तरी चकचकीत प्लॅस्टिक स्वच्छ निघालं. दोन्ही शेजारी ठेवून मुलाला दाखवले. एवढं स्पष्ट उत्तर मला पुस्तकातून मिळालं नसतं.

एक बारीक गोष्ट दिसली. पावसाच्या दिवसांत कालवलेल्या अरल्डाइटच्या सांध्याबाहेर आलेल्या भागावर चिकट, मेणासारखा थर आला. हे काय? सांधा बिघडला म्हणायचा?

रसायनवाली (निपाणी)

सांधा ठीक आहे. हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन तो थर येतो. थंड, दमट हवेत जास्त येतो. पूर्ण कडक झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्यानं पुसून काढा, मगच वर रंग द्या. नाहीतर रंग तिथं धरणार नाही. शक्य असेल तर पावसाची झड असताना मोठे सांधे करू नका, उघडीप मिळाली की दुपारी करा. आणि चिकटवण्याआधी लाकूड व प्लॅस्टिक दोन्ही एक-दोन दिवस त्याच खोलीत राहू द्या.

मीटरगेज (खानापूर)

समजलं. छपराचे पहिले तीन तुकडे या उघडिपीत बसवतो. आणि उघडलेली फेविक्विकची ट्यूब पावसाळ्यात आठवड्यात दगड होते, तिचं काय करता?

उद्यमबाग_पॅटर्न (बेळगाव)

नळीचं तोंड फडक्यानं पुसून, ट्यूब उभी धरून हवा काढून टोपण लावायचं. मग औषधाच्या बाटलीतनं निघतात त्या सिलिकाच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायची, थंड जागी. टोपणाच्या आतला वाळलेला डिंक टाचणीनं काढत राहा, तो राहिला की टोपण नीट बसत नाही. आणि लहान ट्यूबच आणा. मोठी स्वस्त पडते, खरं अर्धी फुकट जाते.